जुन्या भागांची नवी गाडी

मोटारसायकल विकत घेणारे पुष्कळ असतात, दुरुस्त करणारेही गल्लोगल्ली असतात. परंतु जुने सुटे भाग गोळा करून स्वतःची गाडी स्वतः उभी करावी ही हौस मात्र एखाद्यालाच होते, आणि बहुतेक वेळा ती घरामागच्या शेडमध्ये गोणपाटाखाली झाकली जाऊन संपते. २०२४ च्या दिवाळीपासून २०२५ च्या मार्चपर्यंत ही हौस मी केली. गाडी उभी राहिली, रस्त्यावर आली, आणि खानापूर ते बेळगाव हे सुमारे २६ किलोमीटरचे अंतर ती रोज मला व माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन कापते. मागे बहीण बसते ही गोष्ट मुद्दाम आरंभीच सांगतो, कारण या लेखात पुढे येणारा प्रत्येक हिशोब शेवटी तिथेच येऊन थांबतो.

ज्या मित्रांना अशी गाडी करावीशी वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे. काय केले यापेक्षा कोणत्या क्रमाने करावे हे सांगण्याचा प्रयत्न आहे, कारण पैसा वाया जातो तो बहुतेक क्रम चुकल्यामुळे. माझाही गेला.

गाडी कोणती घ्यावी?

पहिले मन येझ्दीवर होते. त्यात नवल नाही. येझ्दी ही आपल्याच राज्यातली, म्हैसूरची. तिथल्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून जावा गाड्या तयार होत, १९७३ पासून त्या येझ्दी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकाच दांडीने किक मारायची व तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचा, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि तो आवाज! पण ज्यांच्या गॅरेजात मी हे काम शिकलो त्या मेस्त्रीमामांनी एका वाक्यात माझा उत्साह जमिनीवर आणला. ते म्हणाले, “येझ्दी करायची तर खिसा मोठा पाहिजे, न्हाईतर आयुष्य मोठं पाहिजे. तुझ्याकडं काय हाय?”

माझ्याकडे तीस हजार रुपये होते. सुट्टीत शिकवण्या घेऊन साठवलेले अठरा आणि वडिलांनी दिलेले बारा.

मामांचे म्हणणे पुढे पटले. बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीचे भाग हौशी लोक जपून ठेवतात व हौसेचीच किंमत सांगतात. स्वस्तात गाडी करायची तर ती सर्वांत दिमाखदार नव्हे, सर्वांत सामान्य असावी. म्हणून हिरो होंडाच्या शंभर सी.सी. कुळाची निवड केली. १९८५ मध्ये आलेली सी.डी. १०० आणि १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर या दोन्हींत ९७.२ सी.सी.चे, आडव्या सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. या कुळातले पुष्कळ भाग एकमेकांना बसतात आणि तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळतात. तरी प्रत्येक वेळी जुना नमुना हातात घेऊनच दुकानात जावे. “तसलाच द्या” म्हणून आणलेला भाग निम्म्या वेळा तसला नसतो.

आधी कागद, मग लोखंड

आता माझी चूक सांगतो. मी आधी इंजिन घेतले. भंगाराच्या एका दुकानात स्प्लेंडरचे इंजिन साडेचार हजारांत मिळाले. किक दाबून पाहिली, दाब चांगला लागला. पोत्यात घालून विजयी मुद्रेने गॅरेजात आणले. मामांनी ते उलटे केले, कापडाने एका जागी पुसले आणि गप्प राहिले. इंजिनावरचा नंबर कानशीने घासलेला होता. “हे माझ्या शेडात एक रात्र ठेवणार न्हाई,” ते म्हणाले. त्याच संध्याकाळी मी ते परत नेले. दुकानदाराने इंजिन घेतले, पैसे दिले नाहीत. नंबर घासलेले इंजिन चोरीचे असेलच असे नाही. पण ते चोरीचे नाही हे सिद्ध करायला आपल्याकडे काहीच नसते.

यातून पहिला नियम मिळाला. कायद्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे इंजिन नव्हे, चाके नव्हेत, तर चेसिस, तिच्यावर कोरलेला नंबर आणि तो नंबर सांगणारे नोंदणी पुस्तक. ज्या चेसिसला पुस्तक नाही तिच्यावर कितीही सुंदर गाडी उभारली तरी ती रस्त्यावर येऊ शकत नाही. म्हणून आरंभ पुस्तक असलेल्या, मालक हयात असलेल्या, बंद पडलेल्या का होईना पण पूर्ण गाडीपासून करावा. हँडलच्या मुळाशी असलेल्या नळीवरचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तोही पुस्तकात नोंदलेला असतो. तो उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपण सीमेवर राहणारे लोक, म्हणून आणखी एक गोष्ट. कोल्हापूरची ‘एम.एच. ०९’ किंवा गोव्याची ‘जी.ए.’ गाडी आपल्याकडे पुष्कळदा स्वस्त मिळते. तिची स्वस्ताई फसवी असते. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी तिथल्या कार्यालयाची ना-हरकत लागते, आणि इथला कर भरावा लागतो. हे सर्व धरून जी किंमत होते ती खरी किंमत. मी शेवटी बेळगावचीच, ‘के.ए. २२’ क्रमांकाची, मार्च २०१० मध्ये नोंदलेली बंद पडलेली स्प्लेंडर बारा हजारांत घेतली व लगेच नावावर करून घेतली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. म्हणजे मार्च २०२५ मध्ये तिची मुदत संपणार होती. पुढे पाच वर्षे वाढवून मिळण्यासाठी निरीक्षकापुढे गाडी उभी करायची होती. आमच्या कामाची परीक्षा अशी तारखेसह ठरलेली होती.

काय जुने, काय नवे?

सुट्या भागांच्या बाबतीत मामांनी जे सूत्र सांगितले ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: “जे बिघडलं की गाडी थांबते, ते जुनं चालतंय. जे बिघडलं की गाडी थांबत न्हाई, ते नवंच घ्यायचं.”

या दोन वाक्यांत सगळे अंदाजपत्रक आहे. कार्ब्युरेटर तुंबला, कॉइल गेली, क्लच घसरला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. आपण घामाघूम होतो, इतकेच. हे भाग जुने, पारखून घ्यायला हरकत नाही. पण ब्रेक, टायर, पुढचा फोर्क, हँडलचा कोन-सेट, चाकांची बेअरिंगे यांपैकी काही बिघडले तर गाडी आपल्या इच्छेने थांबत नाही. चेनही याच यादीत धरावी, कारण तुटलेली चेन चाकात अडकली तर चाक जागीच बसते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे आकड्यांत पाहावे. गाडी व दोन माणसे मिळून सुमारे २२० किलो धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे २१ हजार जूल होते. ताशी ३० ला तीच साडेसात हजारांच्या आसपास असते. वेग दुपटीलाही पोचला नाही, पण ऊर्जा पावणेतीन पटींच्या वर गेली. ही सगळी ऊर्जा दोन ब्रेक-ड्रमांतल्या चार छोट्या पट्ट्यांनी उष्णतेत बदलायची असते, आणि आपल्याकडे ते काम चार महिने पावसात करायचे असते. ब्रेक शूवर वाचवलेले दोनशे रुपये कुठे जातात हे यावरून कळावे. जुने शू काढताना ड्रममधली धूळ फुंकू नये; जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे होते, कडक होते, आणि ओल्या डांबरावर घसरते. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायर यामुळे ओळखता येतो.

मोजून पाहणे

जुना भाग चांगला की वाईट हे नजरेने ठरवू नये, मोजून ठरवावे. त्याला फार महाग हत्यारे लागत नाहीत. एक व्हर्निअर, एक फीलर गेज, काचेचा एक जाड तुकडा आणि सुतळी पुरते.

इंजिन उघडल्यावर पिस्टनवरची रिंग काढून ती सिलिंडरमध्ये ठेवावी, पिस्टनने हलकेच ढकलून सरळ करावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. या आकाराच्या सिलिंडरला ती मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी असावी. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की रिंग किंवा सिलिंडर झिजले असे समजावे. आमची फट ०.८ निघाली. म्हणजे बोअर मारणे आले. उद्यमबागेतल्या एका लेथवर ते काम करून घेतले. लेथवाल्या अण्णांना मराठी कळत होते, मला कानडी थोडेच येत होते. पण मायक्रोमीटरचा आकडा दोघांनाही वाचता येत होता. सिलिंडर परत देताना ते “सरी ऐती” म्हणाले, आणि ते खरोखरच बरोबर होते.

मूळ बोअर ५० मिलिमीटर व स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, त्यावरून घनफळ ९७.२ घन सेंटिमीटर येते. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवल्यावर ते ९९.१ होते. बोअर मारल्याने गाडी ‘रेसिंग’ची होते असे समजणाऱ्या मित्रांनी हा दोन घन सेंटिमीटरांचा फरक लक्षात घ्यावा. बोअर मारतात तो वेगासाठी नव्हे, पुन्हा गोल व्हावे म्हणून.

पुढच्या फोर्कची नळी काचेवर ठेवून लाटण्यासारखी लाटावी. वाकलेली असेल तर काच व नळी यांच्यामध्ये प्रकाशाची फट उघडमीट करते. मी आणलेली पहिली जोडी डोळ्यांना सरळ दिसत होती. काचेवर तिने लगेच आपला अपघात कबूल केला. वाकलेली नळी दाबून सरळ करून देणारे भेटतात. तसे करू नये. नळी सरळ दिसते, पण एकदा वाकलेले पोलाद पहिल्यासारखे राहत नाही. ती जोडी परत करून फरकाचे पैसे भरले आणि नव्या नळ्या घातल्या.

चेन मोजणे सोपे आहे. या गाडीच्या चेनीचा प्रत्येक सांधा १२.७ मिलिमीटरांचा. ताणून धरलेल्या चेनीचे वीस सांधे २५४ मिलिमीटर भरले पाहिजेत. २५९ च्या पुढे गेले तर चेन संपली. नवी चेन जुन्या दातऱ्यांवर चढवू नये, झिजलेले दात तिला थोड्याच दिवसांत आपल्यासारखी करतात. चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत.

चाके बसवल्यावर मागच्या चाकाला सुतळी गुंडाळून तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणावीत. दोन्हीकडे सारखे अंतर राहिले तर चाके एका रेषेत आहेत. फरक पडला तर मागचा चिमटा, म्हणजे चाक धरणारा दुहेरी दांडा, वाकला आहे का ते पाहावे. नाहीतर चेन ताणण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत असे समजावे.

बेअरिंगांच्या बाबतीत एक उपयुक्त गोष्ट सांगतो. बेअरिंगवरचा क्रमांक ही जगभरची एकच भाषा आहे. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचा व्यास सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचाने गुणावे. म्हणून ‘६२०२’ हे १५ मिलिमीटर दांड्याचे. गाडीच्या कंपनीचाच डबा हवा असे नाही. चांगल्या बेअरिंग-कंपनीचे त्याच क्रमांकाचे बेअरिंग चालते.

पेट्रोलच्या टाकीबद्दल एक ताकीद. आतला गंज खडी व व्हिनेगर घालून, हलवून, धुऊन काढता येतो. पण टाकीला वेल्डिंग करण्याच्या भानगडीत घरी पडू नये. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसते, वाफ असते, आणि भडका वाफेचाच उडतो.

हौसेची मर्यादा

आता ज्यासाठी बहुतेकजण हा खटाटोप करतात त्या रूपाकडे वळू. माझ्या मनात मागची चेसिस कापून आखूड करायची, एकाच माणसाची सीट बसवायची, आणि मोकळा सायलेन्सर लावायचा असा बेत होता. तिन्ही सोडून दिले.

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ असे सांगते की, गाडीत असा बदल करू नये की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. इंजिन बदलायचे तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि बदलल्यावर १४ दिवसांच्या आत पुस्तकात नोंद करून घ्यावी. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी चेसिस कापणे शहाणपणाचे नाही. मागच्या शॉकचा धक्का चेसिसच्या ज्या नळ्यांत उतरतो त्या नळ्यांची जाडी व सांध्यांची जागा कुणीतरी हिशोब करून ठरवलेली असते. आपला हिशोब आरशात पाहून केलेला असतो.

मग उरले काय? पुष्कळ उरले. पुढचे प्लास्टिकचे तोंड काढून सी.डी. १०० चा गोल दिवा बसवला. सीट तेवढ्याच लांबीची, दोघांचीच ठेवली, पण सपाट शिवून घेतली. रंगही पुस्तकात लिहिलेला असतो, म्हणून काळाच ठेवला. मात्र सगळे चित्रविचित्र पट्टे खरवडून काढून स्वच्छ काळा. वायरिंग नवे टाकले, फ्यूज जागेवर बसवला. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टला जवळजवळ तीन अँपिअर घेतो, आणि सांधे दातांनी सोलून चिकटपट्टीने गुंडाळलेल्या तारेला तो प्रवाह झेपेलच असे नाही. एवढ्यावरही गाडी अशी दिसते की सिग्नलला लोक विचारतात, “कुठलं मॉडेल हो हे?”

जमाखर्च

हिशोब लपवण्यात अर्थ नाही. गाडी १२,०००, इंजिनाचे बोअर, पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच व गॅस्केटे ४,३००, टायर-ट्यूब ३,६००, ब्रेक शू, केबली, बेअरिंगे व कोन-सेट १,७००, चेन-स्प्रॉकेट १,३००, वायरिंग व बॅटरी २,२००, फोर्कच्या नळ्या, जुना गोल दिवा व जुनी रिम २,४००, रंग व सीट ३,१००, कागदपत्रे व विमा ३,०००. एकूण ३३,६००. त्यात त्या घासलेल्या इंजिनाचे ४,५०० मिळवा, म्हणजे ३८,१००. तीस हजारांचे अंदाजपत्रक आठ हजारांनी ओलांडले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एका दिवसाच्या घाईचे आहेत. मामांनी मजुरी घेतली नाही. त्याऐवजी पाच महिने त्यांच्या गॅरेजात मी रविवारी गाड्या धुतल्या व पाने उचलून दिले. ज्याला असे मामा नाहीत त्याने मजुरीही धरावी. एवढ्याच पैशांत चालू स्थितीतली जुनी गाडी मिळाली असती हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पैसे वाचवणे एवढाच हेतू असेल तर तीच घ्यावी.

मार्चमध्ये गाडी निरीक्षकापुढे उभी केली. त्यांनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, दिवे, हॉर्न व आरसे पाहिले, मग स्वतः बसून थोडे पुढे नेऊन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. त्यांनी मान हलवली आणि कागदावर सही केली. माझ्या सीटच्या शिलाईकडे किंवा काळ्या रंगाच्या चकाकीकडे त्यांनी पाहिलेही नाही.

त्या दिवशी थोडे वाईट वाटले. पण जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात, रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली आणि मागे बसलेल्या बहिणीला गाडी थांबल्याचे कळलेसुद्धा नाही, तेव्हा निरीक्षकसाहेबांनी नेमके काय पाहिले होते ते माझ्या ध्यानात आले.

— बी.एस्सी. भाग ३ (भौतिकशास्त्र)